भाचीला सापाच्या विषावर संशोधन करायचंय, घरच्यांना काय सांगू?

गोदाकाठची (धागाकर्ती)

माझी भाची यंदा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली. घर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबाग आणि थोडा टोमॅटो. भाऊजींचा हिशोब सरळ होता: सातपूर-अंबडच्या एखाद्या फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागेल, दोन वर्षांत लग्न. पोरीने जाहीर केलं की पीएच.डी. करणार, आणि तीही सर्पविष आणि प्रतिविष या विषयात. आमची आई म्हणाली, "सापाचं विष काढणं हे काय पोरीबाळींचं काम आहे?" भाऊजी म्हणाले, "सापाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतंय. त्यात आता शोधायचं काय राहिलंय?"

आईचं मी बघून घेईन. भाऊजींच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. औषध शंभर वर्षांहून जुनं आहे असं तीच सांगते. मग या क्षेत्रात अख्खं आयुष्य घालावं असं काय आहे? जाणकारांनी लिहावं. "मुलींना आवडेल ते करू द्या" छापाचे प्रतिसाद नकोत, ते मला मान्यच आहे.

---

बागायतदार_निफाड

संशोधनातलं कळत नाही, पण इकडचं सांगतो. शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची. हातात बॅटरी, पायात स्लीपर आणि पाटाच्या कडेने चालायचं. कांद्याच्या चाळीत उंदीर, उंदरामागे लांबडं. आमच्या शिवारात दरवर्षी कोणाला ना कोणाला पान लागतंच, म्हणजे साप चावतोच. तुमच्या भाऊजींना हे मी सांगायची गरज नाही, दिंडोरीत काही वेगळं नसणार. पोरगी बहुतेक तेच बघून या विषयाकडे वळली असेल.

---

पेठरोडचा_डॉक्टर

ताई, भाऊजींचा प्रश्न चुकीचा नाही. इंजेक्शन मिळतं. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. बरेच लोक त्यानेच वाचतात, हे आधी मोठ्याने सांगतो, नाहीतर हा धागा वाचून कोणी पुन्हा भगताकडे जायचा.

मी काही वर्षं पेठ-सुरगाणा पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात होतो. आवणीच्या दिवसांत रोजचं काम होतं. आमच्याकडे रक्त तपासायचं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे काचेची कोरडी, स्वच्छ टेस्ट ट्यूब. दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं. ट्यूब प्लास्टिकची असेल तर चाचणी फसते. एवढ्यावर निर्णय घेऊन आठ ते दहा बाटल्यांनी सुरुवात करायची. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही.

मण्यार त्याहून फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतात. पापण्या जड झालेल्या दिसल्या की आमच्या पोटात गोळा. त्याचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. उशीर झाल्यावर कितीही बाटल्या चढवल्या तरी ती टोकं लगेच दुरुस्त होत नाहीत. मग व्हेंटिलेटरवर दिवस काढायचे, आणि व्हेंटिलेटर नाशिकला, मध्ये सावळघाट. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन या औषधांनी बऱ्याचदा डोळे उघडतात, मण्यारात तसा भरवसा नाही.

आता भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर. घोणस चावलेले दोन रुग्ण, साधारण एकाच वेळेत आलेले. एकाचं रक्त दहा बाटल्यांत गोठायला लागतं, दुसऱ्याचं त्यापुढेही नाही, आणि तिसऱ्या दिवशी लघवी बंद, डायलिसिस. विष कमी-जास्त गेलं म्हणून? की या भागातल्या घोणशीचं विषच वेगळं? खाटेशेजारी उभं राहून हे कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळेल.

---

निवृत्त_सीरमवाला

डॉक्टरसाहेबांनी बाटलीपर्यंत आणलं, मी बाटलीच्या मागचं सांगतो. बरीच वर्षं सीरम उत्पादनात काढली. कंपनीचं नाव घेत नाही.

आपल्या देशात मिळणाऱ्या बाटलीत चार सापांवरचं औषध एकत्र असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकांच्या ग्रंथाप्रमाणे, १ मिली औषधाने नाग आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष मारलं पाहिजे. बाटली १० मिलीची. म्हणजे एका बाटलीत घोणशीचं ६ मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. डॉक्टरांच्या दहा बाटल्या कुठून आल्या ते यावरून कळेल.

तयार करायची रीत अशी. घोड्याला अगदी सूक्ष्म मात्रेने सुरुवात करून, आठवडेच्या आठवडे, वाढत्या मात्रेत विष टोचायचं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रथिनं, तयार होतात. ठरावीक प्रमाणात रक्त काढायचं, प्लाझ्मा वेगळा करायचा, तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या. मग पेप्सिन घालून प्रतिपिंडाचा नको असलेला बुंधा कापून टाकायचा, विषाला धरणारे दोन हात तेवढे ठेवायचे. शुद्धीकरण, गाळणी, आणि शेवटी गोठवून सुकवणं. भुकटी केली की फ्रीजशिवाय टिकते. जिथे दिवसातून चारदा लाईट जाते त्या आरोग्य केंद्राला याचं मोल विचारा.

गोम इथे आहे. घोड्याला आयुष्यात हजार गोष्टींशी लढावं लागतं, त्यामुळे त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी थोडीच सापाच्या विषावरची असतात. बाकीचा घोडा रुग्णाच्या अंगात फुकट जातो. त्यातून पुरळ, थंडी वाजणं, कधी अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अॅलर्जी. म्हणून बाटली लावताना ती आवरणारं अॅड्रिनलिन हाताशी भरून ठेवावं लागतं. तुमच्या भाचीला काम हवं असेल तर इथूनच सुरू होतं.

दुसरं, विष येतं कुठून? बहुतेक सगळं तमिळनाडूतून. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली सुरू झालेली. साप पकडतात, तीन-चार आठवडे ठेवून काही वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करून सोडून देतात. काम उत्तम. पण साप त्यांच्याच आसपासच्या जिल्ह्यांतले.

---

तिरकस

म्हणजे तमिळनाडूच्या सापाचं विष, घोड्याचं रक्त, आणि पेशंट पेठचा. छान.

पण मला एक सांगा, सव्वाशे वर्षांत घोडा काही सुटला नाही, तो आता सुटेल. २०२५ च्या जानेवारीत नेचर या विज्ञानपत्रिकेत आलं की डेव्हिड बेकर यांच्या चमूने सापाच्या विषाला अडवणारी प्रथिनं थेट कॉम्प्युटरवर घडवली. बेकर म्हणजे २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलवाले. तुमची भाची पाच-सहा वर्षांनी पीएच.डी. होऊन बाहेर पडेल तेव्हा तिचं काम यंत्राने करून ठेवलेलं असेल.

---

विकर

मी बंगळुरात प्रथिनांवर पीएच.डी. करतोय, मूळचा सिडकोतला (नाशिकच्या, औरंगाबादच्या नाही). माझा विषय विष नाही, पण शेजारीपाजारी तीच चर्चा असते, म्हणून लिहितो. लांब होईल.

तिरकस यांचं निम्मं बरोबर. बेकर यांची प्रथिनं उंदरांवर चालली. पण ती विषातल्या एका कुटुंबावर, 'थ्री-फिंगर टॉक्सिन' म्हणतात त्यावर. हे नाग-कुळात (नाग, मण्यार वगैरे) महत्त्वाचं. घोणस-फुरशाच्या विषात खरी मारामारी वेगळ्याच विकरांची (एन्झाइम्सची) असते. रक्तवाहिन्यांच्या भिंती खाणारी एक जात, रक्त गोठवणारे घटक जाळून टाकणारी दुसरी. २०२५ मध्येच सेल या विज्ञानपत्रिकेत आलेलं कामही असंच. टिम फ्रीड नावाच्या अमेरिकन माणसाने वर्षानुवर्षं स्वतःला विष टोचून घेतलं. त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि व्हॅरेस्प्लाडिब हे रेणू-औषध एकत्र केल्यावर नाग-कुळातल्या १९ जातींच्या विषापासून उंदरांना संरक्षण मिळालं, त्यांतल्या १३ पासून पूर्ण. (घरी करून बघू नये, हे सांगायलाच हवं.) त्यातही घोणस नाही. आणि उंदरापासून सुरगाण्याच्या दवाखान्यापर्यंतचं अंतर यंत्र कापून देत नाही.

व्हॅरेस्प्लाडिबची गोळी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारत आणि अमेरिकेत माणसांवर तिची चाचणी झाली, प्रतिविषाच्या जोडीला. मुख्य निकषावर ठळक फायदा दिसला नाही. पण दंश झाल्या झाल्या घरीच तोंडाने घ्यायचं काहीतरी असावं, ही कल्पना सोडून देण्यासारखी नाही, विशेषतः डॉक्टरांनी सांगितलेला घाट बघता.

आता सीरमवाले काकांच्या शेवटच्या मुद्द्यावर. इथेच गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं भारतीय काम झालंय. भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा आहे. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की 'चार मोठ्यां'च्या, म्हणजे बाटलीतल्या त्या चार सापांच्या, बाहेरचे विषारी साप, उदाहरणार्थ सिंध मण्यार किंवा राजस्थानकडचं सोचुरेकी फुरसं, यांच्यावर बाजारातली प्रतिविषं फारच तोकडी पडतात. पुढे नाग आणि घोणशीतही भागाप्रमाणे विष बदलतं हे आलं. २०२५ च्या अभ्यासात देशभरातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. तापमान आणि पाऊस यांच्याशी विषाची घडण जोडलेली निघाली. कोरड्या भागातल्या घोणशींत प्रथिनं फोडणाऱ्या विकरांची क्रिया जास्त. डॉक्टर, तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी ही वाट आहे. आणि आपला जिल्हा बघा: इगतपुरी-त्र्यंबकला धो धो, येवला-नांदगावला टँकर. एकाच जिल्ह्यात एवढी तफावत, त्यात घोणशींचं काय होतं? भाचीला विषय शोधायला नाशिकबाहेर जायला नको.

---

तिरकस

हे मान्य. पण विष जागोजागी बदलतं हे आत्ता कळलं का?

---

निवृत्त_सीरमवाला

नाही हो. हा वाद प्रतिविषाइतकाच जुना. अल्बेर कालमेत, बीसीजी लशीतला 'सी' तोच, सायगावमध्ये असताना नागाच्या विषामागे लागला आणि १८९४ मध्ये त्याने सीरम जाहीर केलं. त्याचं म्हणणं, हे सगळ्याच सापांवर चालेल. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या सापांवर करून पाहिलं आणि सांगितलं, चालत नाही, ज्या सापाचं विष त्याच सापाचं सीरम. आपल्या परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आताच्या हाफकिनमध्ये, काम केलेल्या जॉर्ज लँब या डॉक्टरनेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच दाखवलं: नागाचं सीरम घोणशीला उपयोगाचं नाही. तत्त्व तेव्हाच कळलं होतं. एका जातीच्या पोटातही किती फरक असतो हे मोजायची साधनं नव्हती, आणि खरं सांगायचं तर मोजायची घाईही कोणाला नव्हती. मरणारा माणूस शेतात मरत होता.

---

पेठरोडचा_डॉक्टर

काका, शेवटचं वाक्य कडू आहे पण आकडे तेच सांगतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. हा अंदाज घराघरांत जाऊन मृत्यूची कारणं विचारून काढला. रुग्णालयांच्या नोंदीत यातले फार थोडे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं ते २०१७ मध्ये. आपल्या केंद्र सरकारचा कृती आराखडा मार्च २०२४ चा, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे.

आणि हे सगळं प्रयोगशाळेवर सोडून चालणार नाही. आपल्या शेजारी डहाणूत आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मुंबईतल्या संस्थेने आशाताई, आरोग्य केंद्रातले डॉक्टर अशांना घेऊन काम केलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तर घराघरात माहीत हवं. विंचूदंशावर प्राझोसिन, ही रक्तदाबाची साधी स्वस्त गोळी, वापरून त्यांनी मृत्यू कमी केले, ते महाडमध्ये बसून, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. संशोधनाला पांढरा कोट लागतो पण वातानुकूलित खोली लागतेच असं नाही.

---

सर्पमित्र_सातपूर

डॉक्टर आणि विकर, एक विचारायचं होतं. पावसाळ्यात आम्हाला रोज कॉल असतात. निम्म्याहून जास्त धामण, तस्कर, दिवड, कवड्या. पण घोणस, नागही भरपूर. हे साप आम्ही सोडूनच देतो. संशोधनासाठी यांचं विष दिलं तर?

---

विकर

दादा, असं परस्पर अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी संस्थेच्या नावे लागते. त्याशिवाय विष काढणं, बाळगणं, देणं, तिन्ही गुन्हे. शिवाय विषाचा काळाबाजार काय चीज आहे ते तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही करू शकता ते वेगळं: कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कुठली जात, याची नीट वही. परवानगी घेऊन येणाऱ्या प्रयोगशाळेला ती सोन्यासारखी.

---

गोदाकाठची (धागाकर्ती)

सगळं भाचीला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न. एक, हे सगळे नेचर-सेल वगैरे बाजूला ठेवून, अख्खी कारकीर्द यातच काढलेलं आणि औषध प्रत्यक्षात सुधारलेलं कोण आहे? दोन (हा भाऊजींचा, तिने फक्त पुढे ढकलला), पगार किती?

---

विकर

दुसऱ्याचं आधी. नेट-जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं. पाच-सहा वर्षं. फार्मातला तिचा वर्गमित्र त्या वेळात पुढे गेलेला असेल, हे भाऊजींपासून लपवू नका.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर होसे मारिया गुतिएरेझ. कोस्टा रिका, नाशिक जिल्ह्याहून कमी लोकसंख्येचा देश. तिथल्या विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो ही संस्था १९७० पासून प्रतिविष बनवते. गुतिएरेझ तिथेच वाढले, अमेरिकेत पीएच.डी. करून तिथेच परतले. संशोधनाचा विषय अगदी अनाकर्षक: साप चावल्यावर त्या जागेचा स्नायू का सडतो. विष काही मिनिटांत मांस फोडू लागतं आणि शिरेतून दिलेली प्रतिपिंडं पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेक प्रथिन वेगळं काढून दाखवलं. हात-पाय गमावणाऱ्यांची गोष्ट तिथून कळते. मरणाऱ्यांचे निदान आकडे छापून येतात, लंगडणाऱ्यांचे तेवढेही नाही.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. त्यांच्या चमूने १९९० च्या दशकात प्लाझ्मा शुद्ध करायची एक सोपी रीत बसवली. कॅप्रिलिक आम्ल घातलं की नको असलेली प्रथिनं साक्यासारखी खाली बसतात आणि प्रतिपिंडं वर द्रवात राहतात. पायऱ्या कमी, खर्च कमी, गरीब देशाला जमेल अशी. आणि मग या लोकांनी नायजेरियासाठी प्रतिविष बनवलं. त्या सापांपैकी एकही कोस्टा रिकात नाही! विष नायजेरियाचं, घोडे कोस्टा रिकाचे. औषध कंपन्यांना आफ्रिकेतला गरीब रुग्ण परवडत नव्हता तेव्हा एका विद्यापीठाने ते केलं. सर्पदंश जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत यावा म्हणून झटणाऱ्यांतही ते होते.

माझं मत विचाराल तर भारतात आज असं कोणी हवंय. नवा रेणू शोधणारे येतील, त्यात प्रसिद्धी आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या घोणशीचं विष घेऊन, इथल्याच घोड्यात, इथल्याच दरात, जास्त ताकदीची बाटली बनवून दाखवणारे कमी.

---

निवृत्त_सीरमवाला

विकर, शंभर टक्के. एक भर घालतो. बाटलीची ताकद तपासताना विष आणि औषध आधी नळीत एकत्र मिसळून अर्धा तास ठेवतात, मग उंदराला टोचतात. साप असं मिसळून चावत नाही. उंदीर न मारता, दंशाच्या जवळ जाणारी चाचणी कोणी बसवली तर अख्खा उद्योग तिला दुवा देईल. कंटाळवाणं काम आहे, कोणी हात लावत नाही.

आणि ताई, पुण्याला जाता-येता नारायणगाव लागतं ना? तिथे प्रतिविषाचा कारखानाही आहे आणि आयुष्यभर सर्पदंशाचेच रुग्ण तपासणारे डॉ. सदानंद राऊतही. मिसळ खाऊन पुढे जाऊ नका, पोरीला तिथे रीतसर वेळ घेऊन भेटवा.

---

तिरकस

मी माझा यंत्रवाला मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो. तिला प्रोग्रॅमिंग शिकायला सांगा, घोडे आणि कॉम्प्युटर दोन्ही येणारा माणूस कोणालाही हवा असेल.

---

पेठरोडचा_डॉक्टर

ताई, पीएच.डी.च्या आधी तिच्या हाताशी पावसाळा आहे. आमच्याकडे जुनी रजिस्टरं पडून आहेत: दंशाची वेळ, गाव, साप ओळखला का, ट्यूबमधलं रक्त कधी गोठलं, किती बाटल्या लागल्या. रुग्णांची नावं झाकून, नैतिकता समितीची परवानगी काढून, हे कोणीतरी तक्त्यात बसवायला हवंय. मी सही करायला तयार आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत याचा उपयोग होईल, आणि मला माझ्या दोन घोणसवाल्यांचं उत्तर मिळायला सुरुवात होईल. पेठला राहायची सोय करतो.

---

गोदाकाठची (धागाकर्ती)

डॉक्टर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. भाऊजी पगारावर अजून कुरकुरतायत, पण येवला आणि इगतपुरीची घोणस वेगळी असेल या गोष्टीने त्यांना पकडलंय. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतायत. तिला सोडायला स्वतः येणार आहेत, फक्त सावळघाट उजेडी उतरायचा म्हणाले. आईने अट घातलीय की पोरीने सापाला हात लावायचा नाही, नुसती रजिस्टरं बघायची. सध्या आम्ही सगळे हो म्हणालोय.